काचेच्या पानाचा भाव

रॉटरडॅम. मास नदीच्या दक्षिण काठावर
समोरासमोर दोन इमारती, एकाच साली उभ्या राहिलेल्या,
एकाच भट्टीची वीट, खिडक्याही मोजून तेवढ्याच.
मधे ट्रामचे रूळ
आणि चौरस मीटरमागे वर्षाला एकतीस युरो.

हा फरक कशाचा,
एवढंच मला लिहून द्यायचंय शुक्रवारपर्यंत.

डावीकडच्या दारात पाटी आहे. हरित असल्याचं प्रमाणपत्र,
काचेचं, आतून उजळलेलं, त्यावर एक पान
कुठल्याच झाडाचं नसलेलं.
पाटी लागली आणि वकिलांची कंपनी आली,
दहा वर्षांचा करार, घासाघीस न करता.
बँकेनं व्याज पाव टक्का खाली आणलं.
रिकामे मजले भरले. हे सगळं माझ्या तक्त्यात बसतं,
रकान्याला रकाना लागून, शहाण्या मुलांसारखं.

उजवीकडे पाटी नाही.
उजवीकडे झेफेरिनु फोर्तेश आहे,
मूळचा केप व्हर्दचा, सव्वीस वर्षं या इमारतीचा राखणदार.
त्यानं मला तळघरात नेलं,
मांजराच्या पोटावर ठेवावा तसा नळावर हात ठेवला:
"हिला साडेचारलाच झोपवतो. भिंती
सातपर्यंत ऊब धरून असतात. कुणाला कळतही नाही."
वारा पश्चिमेचा असला की कुठल्या खिडक्या लावायच्या,
एप्रिलमध्ये कुठला पंखा मुळीच लावायचा नाही,
चौथ्या मजल्यावरच्या हिशेबनिसाचे पाय गारठतात
म्हणून अख्खा मजला तापवायचा नसतो,
एक गालिचा पुरतो.
गालिचा त्यानं घरून आणून दिलेला.

मी दोन्हीकडची गॅसची, विजेची बिलं मागवली,
तीन हिवाळ्यांची. शेजारी शेजारी मांडली.
चष्मा पुसून पुन्हा पाहिली.

पाटीवाली जास्त जाळते.
फार नाही, पण जास्त.
तिथले सेन्सर हुशार आहेत, आणि वकिलांनी
त्यांच्यावर चिकटपट्टी लावलीय,
कारण बैठकीत हात न हलवता बसलं
की दिवे जातात.

हातच्या काकणाला आरसा कशाला?
मी लिहिणारच होते. पाटी म्हणजे थाप,
एकतीस युरो म्हणजे हवा,
अहवालात जरा सभ्य शब्दांत.

तेवढ्यात झेफेरिनु म्हणाला,
"नोव्हेंबरपर्यंतच आहे मी. मग मिंदेलूला.
भावानं घरावर गच्ची काढलीय."

आणि तुमच्यानंतर?
त्यानं खांदे उडवले. खिशातून वही काढली,
चौकटीच्या कागदाची, तेलाचे डाग,
अक्षर त्याचं त्यालाच लागणारं, भाषाही बेटावरची.

मी तिथेच बसले, पंपाच्या घरघरीत, पायरीवर.
विकत घेणारा टोरांटोला आहे. शिक्षकांचा पेन्शन फंड.
तो येणार नाही, नळावर हात ठेवणार नाही.
त्याच्यासाठी काकण दुसऱ्याच कुणाच्या मनगटावर,
समुद्रापलीकडे, अंधारात.
त्याला आरसा लागतो. धुरकट का असेना.
आरशाचेच तो पैसे देतो,
सोन्याचे त्याच्याकडे मागणार कोण?

"कौशल्य" असा रकाना आमच्याकडे नाही.
"जोखीम" असा आहे. तिथे लिहिलं:
उजवी इमारत, एका माणसाएवढी जोखीम.
हिल्केनं लाल रेघ मारली. "हे काय, योरीना? आकडा लाव."

लावला. चौदा.
चौदा पाटीचे. उरलेले सतरा
"इतर"मध्ये ढकलले, तिथे खूप काही राहतं.

शुक्रवारी ट्रामची वाट बघत होते.
सहा वाजून गेलेले. उजवीकडे बॉयलर केव्हाच झोपला असणार,
तरी खिडकीत एक बाई बाह्या सरसावून टाइप करत होती.
डावीकडे सगळे मजले काळोखात
आणि दारात ते पान
रात्रभर पेटतं राहणारं.
त्याचं बिल कुणाच्या नावावर येतं,
विचारायचं राहूनच गेलं.